बर्फातला ट्रक : कराडच्या लायसन्सपासून रॉजर्स पासपर्यंत

माझ्या हातात क्लास १ चं लायसन्स आलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये. कॅनडातल्या कॅल्गरीत तेव्हा २८ अंश ऊन होतं. पाच आसांचा ट्रक-ट्रेलर, भरून साडेएकोणचाळीस टनांपर्यंत, कुठल्याही ऋतूत चालवायला मी त्या दिवसापासून कायद्याने मोकळी होते. आणि बर्फात मी ट्रक एक फूटसुद्धा चालवला नव्हता. वर्गात हिवाळ्यावर एक धडा झाला होता, तोही खिडकीबाहेर हिरवळ असताना.

गेल्या वर्षभरात पुण्याहून, नाशिकहून आणि इथल्या एडमंटनहून मला विचारणा झाल्या की हे सगळं कसं केलंत, खर्च किती आला, बर्फाची भीती कशी गेली. भीती गेलेली नाही. पण त्या वेळी मला सांगणारं कुणी मराठी माणूस असतं तर बरंच सोपं गेलं असतं, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

आम्ही २०१८ च्या शेवटी अल्बर्टात, म्हणजे कॅल्गरी ज्या प्रांतात आहे तिथे, आलो. क्लास १ साठी आधी साध्या गाडीचं पूर्ण क्लास ५ लायसन्स लागतं, नवशिक्याचा शिक्का असलेलं चालत नाही. भारताचं लायसन्स इथे थेट बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. पण भारतात दोन वर्षांहून जास्त गाडी चालवल्याचा पुरावा दिला, तर आम्ही आलो तेव्हा नवशिक्याचा दोन वर्षांचा टप्पा वाचत होता. माझं लायसन्स कराडच्या आरटीओचं. त्याचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्स कधी काढलं, कधी नूतनीकरण झालं याचा सहीशिक्क्याचा उतारा, माझ्या भावाने दोन चकरा मारून काढला आणि कुरिअरने पाठवला. यात साडेतीन आठवडे गेले. निघण्याआधी हा कागद स्वतः काढून बॅगेत ठेवा. विमा कंपनीलाही पुढे तोच दाखवावा लागतो.

इथे मी एका गोदामात मालाच्या कागदपत्रांचं काम करत होते. रोज दहा-बारा ट्रक लावून घ्यायचे, ड्रायव्हरांच्या सह्या घ्यायच्या. माझे मामा कराड-मुंबई लाइनीवर ट्रक चालवायचे, लहानपणी खंबाटकीपर्यंत मी त्यांच्या केबिनमध्ये बसून गेलेली आहे. ते डोक्यात कुठेतरी होतंच. २०२२ च्या फेब्रुवारीत नवऱ्याशी बोलले, मुलगी तेव्हा पाचवीत होती, आणि ठरवलं.

पहिली पायरी वैद्यकीय तपासणी. रजिस्ट्रीतून, म्हणजे लायसन्सच्या कार्यालयातून, फॉर्म घ्यायचा आणि डॉक्टरकडून भरून आणायचा : नजर, कान, रक्तदाब, साखर, झोपेचे विकार. मला १५० डॉलर पडले, प्रांताच्या आरोग्य योजनेत हे बसत नाही. पंचेचाळीसपर्यंत दर पाच वर्षांनी, पुढे पासष्टपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी लागते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण जास्तीचे कागद मागितले की महिना सहज जातो.

मार्चमध्ये लेखी परीक्षा. तीस प्रश्न, पंचवीस बरोबर यावे लागतात. पहिल्या वेळी माझे तेवीस आले. हवेच्या ब्रेकचे आकडे मी नुसते पाठ केले होते, टाकीतली हवा कमी झाली की काय काय होतं ते कळलेलं नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा फी भरून बसले आणि पास झाले. ते पुस्तक पाठ करू नका, हवा कुठून निघते आणि कुठे जाते याचं चित्र स्वतः काढा. मी वहीत काढलं होतं. पुढे उणे तीस अंशात तेच चित्र कामाला आलं.

मग सक्तीचं प्रशिक्षण. अल्बर्टात मार्च २०१९ पासून क्लास १ साठी ११३ तास सक्तीचे झाले. त्यामागे एक फार दुःखद घटना आहे. ६ एप्रिल २०१८ ला शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात एका नवख्या ट्रक ड्रायव्हरने 'थांबा' ही पाटी न थांबता ओलांडली आणि हम्बोल्टच्या ज्युनियर हॉकी संघाच्या बसशी टक्कर झाली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. गेलेल्यांत बहुतेक कोवळी मुलं होती. आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी हे सांगितलं गेलं आणि नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. फी जास्त आहे, तास जास्त आहेत अशी तक्रार मी पुष्कळांकडून ऐकते. मला ते तास कमीच वाटतात. मला करासकट १०,२०० डॉलर पडले, निम्मे बचतीतून आणि निम्मे कर्जाने. मे आणि जून असे सात आठवडे रोज सकाळी. आता २०२५ पासून अल्बर्टाने या प्रशिक्षणाची रचना बदलली आहे, त्यामुळे माझे तास आणि फी धरून चालू नका, नव्याने चौकशी करा. चौकशी करताना शाळेला एक प्रश्न जरूर विचारा : बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर घालायच्या साखळ्या प्रत्यक्ष चढवायला शिकवता का? आमच्या शाळेत साखळीचं फक्त चित्र दाखवलं होतं.

रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. सरकारी फी वेगळी आणि परीक्षेपुरता शाळेचा ट्रक घ्यायचे ४५० डॉलर वेगळे. पहिल्यांदा नापास झाले, चढावर थांबून निघताना ट्रक मागे घसरला. तो सगळा दिवस फार वाईट गेला. ज्या खर्चावर घरात महिनाभर बोलणं झालं होतं त्यात आणखी भर. १९ ऑगस्टला दुसऱ्यांदा गेले, तेव्हा पास झाले.

नोकरी शोधायला दोन महिने लागले. बहुतेक विमा कंपन्यांना दोन वर्षांचा अनुभव हवा असतो, त्यामुळे छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांना इच्छा असली तरी नवख्याला घेता येत नाही. दोन ठिकाणी मला सांगितलं गेलं की आधी स्वतःच्या नावाने कंपनी काढ, मग आम्ही तुला ड्रायव्हर म्हणून नाही तर ठेकेदार म्हणून पैसे देऊ. वरवर रक्कम मोठी दिसते, कारण त्यातून काहीच कापलं जात नाही. पण मग बेकारी विमा नाही, सुट्टीचा पगार नाही, आणि काही बिघडलं तर कामगार कायद्याचं संरक्षणही नाही. नव्याने आलेल्या आपल्या मुलांना या वाटेने फार ओढलं जातं. मी दोन्हीकडे नाही म्हणाले. ते नाही म्हणणं किती योग्य होतं ते जानेवारीत कळलं.

ऑक्टोबरच्या मध्याला एका कंपनीने पगारी नोकर म्हणून घेतलं. पहिले पाच महिने अनुभवी ड्रायव्हरच्या जोडीने, कॅल्गरी ते व्हँकुव्हर. माझे जोडीदार लुधियानाकडचे, साठीचे सरदारजी, सव्वीस वर्षं याच रस्त्यावर. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही उस्तादजी म्हणू लागले.

त्यांनी पहिल्या दिवशी मला ट्रक दिलाच नाही. यार्डात, कोरड्या डांबरावर, दोन मोठ्या साखळ्या टाकल्या आणि म्हणाले, "बेटा, आज ही सहा वेळा चढव आणि सहा वेळा काढ." शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून ३० एप्रिलपर्यंत मालट्रकने साखळ्या बाळगाव्याच लागतात. आमच्या गाडीत सहा असायच्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांना चार आणि ट्रेलरला दोन.

जोडाच्या चाकांवर बसणारी साखळी एका हाताने उचलत नाही. ती आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. मग चाकावर अशी टाकायची की कड्यांची उघडी टोकं बाहेर राहतील, टायरला गुळगुळीत बाजूच लागली पाहिजे, नाहीतर टोकं रबर कापतात. टायरच्या मागे हात घालून आतली कडी आधी अडकवायची, ती दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. मग बाहेरची. मग छोट्या चाकत्या पान्याने फिरवून ताण द्यायचा आणि वरून रबरी ओढणी. पाच-सातशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणायचं, कारण तोवर साखळी बसते आणि सैल पडते. साखळ्या घातल्या की वेग ताशी पन्नासच्या आत. पहिली साखळी चढवायला मला पंचावन्न मिनिटं लागली, सहावी पंधरा मिनिटांत बसली. नखं तुटली, कोपरं सोलली. रात्री उणे पंधराला, अंधारात, शेजारून गाड्या जात असताना आतली कडी पहिल्यांदा शोधायची वेळ आली असती, तर मला जमलं नसतं.

सामानाचंही इथेच सांगते. रबराचा थर असलेले हातमोजे दोन जोड, कारण पहिला जोड भिजतोच. गुडघ्याखाली घ्यायला जाड रबरी चटई. कपाळावरचा दिवा. फावडं, वाळूची पिशवी, टॉमी म्हणजे लोखंडी पहार, हातोडा. कोरडे मोजे. आणि दोन दिवस पुरेल असं खाणं आणि पाणी. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी ठेवते, गोठल्या तरी हीटरजवळ ठेवून खाता येतात.

डिसेंबरात कॅल्गरीला उणे तेहतीसची सकाळ आली. आदल्या रात्री ओल्या बर्फातून येऊन मी ट्रेलर तसाच पार्किंग ब्रेक लावून उभा केला होता. सकाळी टाक्यांत हवा पूर्ण भरली, ब्रेक सोडले, ट्रक पुढे घेतला, तर ट्रेलरची चाकं फिरतच नाहीत. बर्फावर दोन काळ्या पट्ट्या ओढत टायर नुसते घसरत होते. ब्रेकचे लायनर ड्रमला गोठून चिकटले होते. उस्तादजींनी आधी गाडी हलणार नाही याची खात्री केली, मग मला ट्रेलरखाली हातोडा घेऊन पाठवलं. ड्रमवर वेडेवाकडे घाव घालायचे नाहीत, लायनरच्या पट्टीवर आतून ठोकायचं. तीन चाकं लगेच सुटली. चौथ्याला बराच वेळ लागला, आणि सुटताना 'टक्' असा स्वच्छ आवाज आला. तो आवाज आता मी झोपेतही ओळखेन. तेव्हापासून उभं राहण्याआधी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ब्रेक हलका दाबून लायनर गरम आणि कोरडे करून घेते. आणि रोज हवेच्या टाक्यांचं पाणी काढते. ते पाणी नळीत गोठलं की ब्रेकपर्यंत हवा पोहोचत नाही. वहीतलं माझं ते चित्र.

आता रॉजर्स पास.

कॅल्गरीहून पश्चिमेला निघालं की बॅन्फ, लेक लुईझ, मग किकिंग हॉर्स खिंड आणि फील्डचा उतार. उताराआधी ब्रेक तपासायची सक्तीची जागा आहे. मामा म्हणायचे की ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. उस्तादजींचं म्हणणं, बर्फ असेल तर त्याहून एक खाली. आणि रस्ता गुळगुळीत गोठलेला असेल तर इंजिन ब्रेक बंद. इंजिन ब्रेकने फक्त ट्रकची मागची चाकं रोखली जातात, ती घसरली की मागचा ट्रेलर ढकलत येतो आणि गाडी चाकूच्या पात्यासारखी दुमडते. रिकामा ट्रेलर याबाबतीत भरलेल्यापेक्षा जास्त घातक.

गोल्डन गावानंतर रॉजर्स पासची चढण लागते. खिंडीची उंची १,३३० मीटर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराएवढी. महाबळेश्वरला पाऊस जसा कोसळतो तसा इथे बर्फ कोसळतो, हिवाळ्यात सरासरी दहा मीटरच्या घरात. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून रस्त्यावर उतरणाऱ्या हिमकड्यांच्या शंभराहून अधिक वाटा आहेत. ४ मार्च १९१० ला याच खिंडीत रूळ साफ करणारे ५८ रेल्वे कामगार गाडले गेले. रेल्वेने पुढे डोंगराखालून बोगदा खणून ही वाट सोडली. महामार्ग मात्र १९६२ पासून वरूनच जातो. म्हणून हिवाळ्यात कॅनडाचं लष्कर इथे १०५ मिलिमीटरच्या तोफा आणतं, रस्ता बंद करून डोंगरावर गोळे डागतं आणि साचलेला बर्फ आपल्या वेळेला खाली पाडतं.

जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एकोणीस टन गोठवलेले बटाटे घेऊन दुपारी दोनला निघालो. गोल्डनला सहा वाजता पोहोचलो तर खिंड बंद, तोफा चालू. ट्रकांची रांग लागलेली. इथे पगार मैलावर असतो. उभ्या ट्रकला बहुतेक ठिकाणी पैसे मिळत नाहीत किंवा नावापुरते मिळतात. माझ्या मते बर्फात फसणाऱ्या निम्म्या गाड्यांचं कारण इथे आहे. रस्ता उघडला की चार तासांचं नुकसान भरून काढायला सगळे एकदम सुटतात. उस्तादजींनी तासभर आणखी थांबायला लावलं. ते म्हणाले, आधी बर्फ ढकलणारा नांगर जाऊ दे, मग आपण. आणि मागच्या बर्थवर झोपायला गेले.

एक तांत्रिक गोष्ट. तेव्हा गोल्डनला पर्वतीय वेळ आणि खिंडीपलीकडे पॅसिफिक वेळ होती, घड्याळ तासाने मागे जायचं. इलेक्ट्रॉनिक लॉग, म्हणजे ड्रायव्हरच्या तासांची नोंद, मात्र तुमच्या मूळ ठाण्याच्या वेळेवर चालतो. दिवसाला तेरा तास चालवणं आणि चौदा तास काम, त्याच्या पुढे नाही. वाटेत हवामान अचानक बिघडलं तर दोन तासांपर्यंत सवलत आहे, पण तिची नोंद लॉगमध्ये लिहायची असते. सुरुवातीला मी मोबाइलच्या घड्याळावर हिशोब करून एकदा गोंधळ घातला होता.

पावणेबाराला निघालो. पुढे साखळ्या घालायचा फलक चमकत होता. सहा साखळ्या, दोघांनी मिळून पन्नास मिनिटं. खिंड मी ताशी पस्तीस-चाळीसने ओलांडली. हिमकडे वरून जावेत म्हणून रस्त्यावर काँक्रीटची छपरं बांधली आहेत, त्यांच्याखालून जाताना साखळ्यांचा आवाज एकदम मोठा होतो आणि बाहेर पडलं की पुन्हा मऊ. गाडीचा त्रास काही झाला नाही.

त्रास झाला तो खाली उतरल्यावर. खिंडीपलीकडच्या रेव्हलस्टोक गावाच्या अलीकडे रस्ता ओला पण मोकळा झाला, साखळ्या काढायला हव्या होत्या. रात्रीचे अडीच. बाजूला थांबायची रुंद जागा दिसली. डाव्या बाजूची साखळी काढताना जाणाऱ्या गाड्यांपासून लांब असावं म्हणून मी ट्रक जरा जास्तच उजवीकडे घेतला. समोर सगळं सपाट, पांढरं. नांगराने ढकललेला बर्फ साइडपट्टीच्या पलीकडच्या उतारावर साचून रस्त्याच्या पातळीला आला होता, आणि त्याच्याखाली जमीन नव्हती. उजवी मागची चाकं आत गेली आणि केबिन कलली.

मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. दहा सेकंद असतील. तेवढ्यात चाकांनी फूटभर खड्डा केला. चाक फिरलं की खालचा बर्फ वितळतो आणि लगेच आरशासारखा गोठतो, मग त्या वाटीतून चाक निघत नाही, साखळी असली तरी. डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा खटका, चाकं घसरून फिरायला लागण्याआधी टाकायचा असतो. मी तो नंतर टाकायला गेले तोवर उस्तादजी उठून आले होते. "रुक जा बेटा. पाय काढ." एवढंच म्हणाले. रागावले नाहीत.

खाली उतरलो. मांडीपर्यंत बर्फ. धोक्याचे तीन त्रिकोण मागे ठेवले, सगळे दिवे चालू. चाकांपुढचा, आसाखालचा, डिझेलच्या टाकीखालचा बर्फ फावड्याने काढला, वाळू टाकली. लॉक टाकून सर्वांत खालच्या गिअरात एकदा हळूच पाहिलं. ट्रेलरही थोडा उजवीकडे सरकला तेव्हा उस्तादजींनी तिथेच थांबवलं. आणखी एक प्रयत्न केला असता तर अख्खी गाडी कलंडली असती. कंपनीला फोन केला, जड गाड्या ओढणारा रेकर मागवला. तो सकाळी सातला आला. साडेचार तास आम्ही केबिनमध्ये बसलो. एक्झॉस्टच्या तोंडाशी बर्फ साचत नाही ना ते दर अर्ध्या तासाने उतरून बघायचं, नाहीतर धूर केबिनमध्ये येतो. मी त्या वेळात मुलीला काहीच कळवलं नाही. कळवायला काय, तेच सुचत नव्हतं.

रेकरवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा. आल्या आल्या त्याने साखळदंड काढला नाही. आधी मालाचा कागद मागितला, वजन वाचलं, माल आत सरकला असेल का विचारलं. मग स्वतः वाकून हवेच्या नळ्या कुठे अडकल्या नाहीत ना ते बघितलं. मग म्हणाला, टोइंगचे पिन आण. ते कुठे असतात ते मला ठाऊक नव्हतं! प्रत्येक ट्रकला दोन जाड पोलादी पिन दिलेले असतात. बम्परच्या भोकांतून घालून, फिरवून अडकवायचे. आमचे टूलबॉक्सच्या तळाशी गंजलेले होते. आज रात्री तुमच्या ट्रकमध्ये ते कुठे आहेत ते शोधून ठेवा, आणि एकदा घालून बघा.

त्याने आपला रेकर रस्त्यावर समोर, जरा डावीकडे उभा केला. एक तार पुढच्या पिनांना. दुसरी ट्रेलरच्या आसाला, कप्पीतून वळवून, म्हणजे ट्रेलर आणखी घसरणार नाही. मला म्हणाला, स्टिअरिंग सरळ, लॉक टाकलेला, सर्वांत खालचा गिअर, आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचाच नाही. "मी ओढतो. तू ढकलू नकोस, फक्त चाकं फिरू देत." उस्तादजींना तारेच्या टप्प्यातून लांब उभं केलं. ताणलेली तार तुटली तर माणूस चिरला जातो. आपल्याकडे घाटात दोराने टोचन लावतात तेव्हा पोरं दोराशेजारी उभी राहून हात हलवत असतात, ते मला आठवलं आणि अंगावर काटा आला.

तार ताणली. आधी काहीच झालं नाही. मग केबिन इंच इंच सरळ होऊ लागली, खालून बर्फ करकरला, आणि उजवं चाक त्या वाटीच्या काठावर आलं. वीस मिनिटांत आम्ही डांबरावर होतो. त्याने पुन्हा आडवं होऊन ब्रेकच्या नळ्या पाहिल्या, मग बिल लिहिलं : ३,४०० डॉलर. जाताना म्हणाला, इथे थांबायचं तर आधी खाली उतर, पायाने चालत जा, टॉमी खुपसून बघ.

माल सात तास उशिरा पोहोचला. दोन आठवड्यांनी पगाराच्या कागदावर ५०० डॉलर कापलेले दिसले, 'रेकर खर्चातला वाटा' म्हणून. मी काहीही लिहून दिलेलं नव्हतं. प्रांतांच्या हद्दी ओलांडणाऱ्या ट्रान्सपोर्टला केंद्राचा कॅनडा लेबर कोड लागू होतो, आणि त्याप्रमाणे अशी कपात नोकराच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. मी ते कलम काढून ऑफिसला सभ्य भाषेत ईमेल केली. नऊ दिवसांनी पैसे परत जमा झाले. ठेकेदार कंपनी काढून बसले असते तर हे कलम माझ्या उपयोगाचं नव्हतं. नोकरीला लागताना जो पंधरा-वीस पानांचा गठ्ठा सहीसाठी समोर येतो, त्यात कपातीची संमती एखाद्या पानावर असू शकते. घरी नेऊन वाचा, दुसऱ्या दिवशी सही करा. कुणी हरकत घेत नाही.

त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्यांत उस्तादजींनी मला प्रत्येक थांब्यावर आधी चालत पाठवलं. तिसऱ्या फेरीला त्यांना सांगावं लागलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी निघाले. गोल्डनला रात्री नऊला पोहोचले. खिंड उघडी होती, पण वर ओला बर्फ जोरात चालू होता आणि पहाटेपर्यंत गोठणार असा अंदाज होता. कंपनीच्या डिस्पॅचरचा, म्हणजे फेऱ्या ठरवणाऱ्याचा, फोन आला, पोहोचायची वेळ सकाळी दहाची आहे म्हणून. मी म्हणाले, आज नाही जमणार, सकाळी सात वाजता निघते, ग्राहकाला कळवा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ठीक आहे, लिहून पाठव. मी वेळ आणि जागा लिहून मेसेज पाठवला, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला लायनर गरम केलेच होते, पडदे ओढले आणि झोपले.

सकाळी नांगर जाऊन गेला होता. साखळ्या एकटीने चढवायला एक तास दहा मिनिटं लागली. व्हँकुव्हरच्या गोदामात संध्याकाळी साडेपाचला पोहोचले. खिडकीतल्या माणसाने कागदावर वेळ टाकली, शिक्का मारला आणि म्हणाला, सात नंबरच्या दारावर लाव.